जुन्या नावाचं लॉगिन

माझं नाव बदललं तेव्हा मी हजर होते. माप ओलांडून घरात आले, लक्ष्मीपूजन झालं आणि नवऱ्यापुढे तांदूळ पसरलेलं तबक आलं. त्यानं अंगठीनं त्यात नाव गिरवलं. तबक लहान होतं, त्यामुळे शेवटचं अक्षर काठाशी जाऊन चेंगरलं. कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं, सगळ्यांनी छान छान केलं, पेढे फिरले. मलाही एक पेढा मिळाला. नाव नवऱ्याच्या आत्यानं सुचवलं होतं, असं नंतर कळलं. त्या वेळी ती टीव्हीवर जी मालिका बघायची, तिच्यातली सून तिला फार आवडायची.

सासरे पोलादपूरला तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. महाडहून रोज एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. ते नुकतेच निवृत्त झाले होते, दिवस जाता जात नव्हता, आणि अशात घरात सून आली. सुनेबरोबर तिची सगळी जुनी कागदपत्रं आली. त्यांचा चेहरा उजळला. रेशनकार्ड, मतदारयादी, बँक, पॅनकार्ड, गॅसचं पुस्तक, एकेक करून सगळं त्यांनी नव्या नावावर आणलं. शेवटी राजपत्र. राजपत्रात माझं नवं नाव छापून आलं त्या दिवशी ते बाजारातून आंबाबर्फी घेऊन आले.

"एक माणूस, एक नाव," ते म्हणाले. "दोन नावं असली की पुढं वारसांना त्रास होतो."

माझे वारस अजून जन्मायचे होते, पण त्यांची सोय झाली.

माणूस मनानं निर्मळ. सकाळी चहा स्वतः करून मला वर आणून द्यायचे, आणि आमच्या आळीत असा सासरा दुसरा नव्हता. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही. मला राग पटकन येतो, आणि आलेला राग असा वाया गेला की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. पहिली काही वर्षं मी त्यांच्या चहाबरोबर बराच राग गिळला.

माझा कॉम्प्युटर माडीवर होता. महाडात किमतीचं सगळं माडीवरच असतं, कारण सावित्री नदीला पुरात खालचा मजला अधूनमधून लागतो. पुण्याच्या कंपनीनं मला घरून काम करायची परवानगी दिली होती. दिवसातून काही तास वीज नसायची. उरलेल्या वेळात फोन लागला तर इंटरनेट, आणि खाली कुणी फोन उचलला की तेही बंद. दोन हजार सालानंतरची ती पहिली सहा-सात वर्षं मी अशीच काढली. आळीतल्या बायकांना वाटायचं की सून वर बसून टायपिंग शिकते. इतके दिवस शिकूनही तिला येत नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं.

पुण्यात असताना, लग्नाआधी, मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तेव्हा मराठी मजकूर ज्या त्या छापखान्याच्या आपापल्या फॉन्टात असायचा. एका ठिकाणी टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की वधूवरांच्या जागी डॉलर आणि टक्क्यांच्या खुणा दिसायच्या. माझा प्रोग्राम तो मजकूर कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत बदलून द्यायचा. असे प्रोग्राम ठेवायला इंटरनेटवर एक मोठं भांडार होतं. त्याला पॅकेज रजिस्ट्री म्हणायचे, आणि तिथं ठेवलेल्या प्रोग्रामला पॅकेज. जगातल्या कुणीही आपलं पॅकेज तिथं ठेवावं आणि कुणीही ते फुकट उचलून वापरावं. ठेवणाऱ्यानं फक्त आपण कोण ते सांगायचं. ते मी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं: माझं नाव, माझं आडनाव, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

लग्नानंतर वर्षाभरानं विदर्भातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालांची मेल आली. त्यांच्या सगळ्या पुस्तकांची सूची ते माझ्या प्रोग्रामनं बदलत होते आणि काही जोडाक्षरं तुटत होती. 'आपण कृपया लक्ष घालाल का' असं त्यांनी लिहिलं होतं आणि सुरुवातीला माझं नाव होतं. जुनं. त्या नावानं मला कुणीतरी 'आदरणीय' म्हटलं होतं. मी दुपारभर बसून चूक काढली आणि सुधारलेलं पॅकेज वर चढवायला घेतलं.

हे काम काळ्या खिडकीत करायचं असतं. कमांड लाइन म्हणतात तिला. माऊस नाही, चित्रं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, तिनं उत्तर द्यायचं. भांडाराला लॉगिन करायची ओळ लिहिली की ती इंग्रजीत विचारायची, आपण कोण ते कळू द्या, आणि चार पर्याय पुढे ठेवायची. एक, आधीचंच लॉगिन वापरा. दोन, नवीन म्हणून नोंदणी करा. तीन, पासवर्ड विसरला असाल तर नवा पाठवतो. चार, राहू द्या, बाहेर पडा. आणि काहीच न निवडता नुसतं एंटर दाबलं, तर पहिला पर्याय धरला जाईल.

मी एक निवडला, नाव लिहिलं, पासवर्ड लिहू लागले, आणि सासरे चहा घेऊन वर आले. खुर्चीच्या मागे उभे राहून त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"रिबन संपली वाटतं," ते म्हणाले. "तू दाबतेस, पण काही उमटत नाही."

"पासवर्ड आहे, बाबा. तो लिहिताना दिसत नाही. कुणी वाचू नये म्हणून."

"म्हणजे तू लिहिलंस, त्यांना पोचलं, पण दिसत नाही?"

"हो."

"कचेरीत असं असतं तर किती बरं झालं असतं," ते म्हणाले आणि चहा टेबलावर ठेवला. मग त्यांची नजर एक ओळ वर गेली. चष्मा पुढे घेऊन त्यांनी अक्षर अक्षर लावलं. "आणि हे कोण?"

"मी."

"ही तू नाहीस," ते म्हणाले. आवाजात राग मुळीच नव्हता. पत्त्यातला पिनकोड चुकलाय असं सांगावं, तसं सांगितलं.

मी म्हटलं, राहू दे ना बाबा, जुनं आहे ते. माझ्या 'राहू दे'चा अर्थ त्यांनी 'तुम्हाला उगाच त्रास' असा घेतला. आमच्या घरात सुनेच्या 'राहू दे'ला तेवढा एकच अर्थ होता.

"त्रास कसला त्यात? अर्ज करू."

"तिथं अर्ज वगैरे नसतो."

"अर्ज नसतो अशी कचेरी नसते," ते म्हणाले. "आणि तोवर चुकीच्या नावानं आणखी एक नोंद करू नकोस. पुढं दुरुस्तीला जड जातं."

मी हट्टानं एंटर दाबायला गेले, तेवढ्यात वीज गेली.

त्या दिवसापर्यंत मला कळलंच नव्हतं की ते नाव माझ्यासाठी आता कुठं कुठं उरलंय. आई फोनवर 'बाळा' म्हणायची. मैत्रिणी लग्न करून पांगल्या होत्या आणि त्यांचीही नावं बदलली होती, मीच त्यांना कोणत्या नावानं शोधावं हा प्रश्न होता. बँकेनं जुनं पासबुक ठेवून घेतलं होतं. सगळ्या जगात एक काळी खिडकी तेवढी त्या नावाला ओळखत होती आणि त्या नावानं उघडत होती. ती गेली असती तर मी खरंच रडले असते, आणि कशासाठी रडतेय ते घरात कुणाला समजलं नसतं.

सासऱ्यांनी मात्र कंबर कसली. मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केलं, लग्नाच्या दाखल्याची आणि राजपत्राची खरी प्रत काढून साक्षांकित करून घेतली, माझे दोन फोटो लावले. अर्ज स्वतः इंग्रजीत लिहिला. प्रति, माननीय निबंधक साहेब. विषय, पॅकेजधारकाच्या नावात बदल करणेबाबत. शेवटी, योग्य तो हुकूम व्हावा ही विनंती. एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत सगळे कागद स्कॅन करून घेतले आणि तिथूनच, स्वतःच्या नावानं उघडलेल्या नव्या मेलवरून पाठवले. घरी येऊन म्हणाले, "आवक क्रमांक दिला नाही त्यांनी."

मी पाच-सहा वेळा सांगितलं की त्या भांडारात कचेरी नाही, शिपाई नाही, साहेब नाही, जेवणाची सुट्टीसुद्धा नाही. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून, फावल्या वेळात ते चालवतात. हे त्यांना पटेना. फावल्या वेळात नोंदी ठेवणारी माणसं, ही कल्पनाच त्यांना अश्लील वाटत होती.

उत्तर आलं. तेही लवकर, आणि ते पाहून सासरे जरा खट्टू झाले, कारण लवकर आलेल्या उत्तराला वजन नसतं. खाली हुद्दा नाही, शिक्का नाही, नुसतं पहिलं नाव. आयुष्यात त्यांनी पहिल्या नावानं सही करणारा अधिकारी पाहिला नव्हता. त्या माणसानं आधी माझ्या लग्नाबद्दल अभिनंदन केलं होतं. मग लिहिलं होतं की लॉगिनचं नाव बदलता येत नाही. हवं तर नव्या नावानं नोंदणी करावी, पॅकेज त्या नावाला द्यावं आणि जुनं नाव काढून टाकावं. आणि शेवटी एक ओळ: ही मेल खातेदाराच्या पत्त्यावरून आलेली नाही, तर हे तिला स्वतःला हवं आहे का?

ती ओळ मी किती तरी वेळ वाचत राहिले. तांदळाचं तबक आलं तेव्हा घरभर माणसं होती. रेशनकार्डाला साहेब होता, बँकेला मॅनेजर होता, राजपत्राला तर सगळं शासन होतं. एवढ्यांतल्या एकालाही जे सुचलं नाही, ते कुठल्या परक्या देशात बसलेल्या, माझा चेहराही न पाहिलेल्या माणसानं विचारलं होतं. मला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

सासऱ्यांनीही ती ओळ वाचली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"त्रुटी काढलीय," ते म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं. संमतीपत्र जोडायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर संमतीपत्रही वर आलं. मी खाली सही करणार, स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देते की. सगळं टाइप केलेलं, सहीपुरती जागा सोडलेली, तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली. मी चहा प्यायले. सही मग करते म्हटलं.

"सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही. आजच्या टपालात गेलं तरी चालेल."

नवऱ्याचं बाजारपेठेत औषधांचं दुकान होतं. दिवसभर लोकांची भांडणं आणि खोकले ऐकून त्याला घरात मत देण्याचा कंटाळा यायचा. तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे गं. पॅकेजचं नाव तर तेच राहतंय ना? फक्त तुझंच बदलतंय."

"मग तू दुकानाच्या पाटीवर माझ्या वडलांचं आडनाव लाव," मी म्हटलं. "तेही दोन मिनिटांचंच काम."

तो हसला. मी गंमत करतेय असं त्याला वाटलं, आणि तो दुकान उघडायला गेला.

इकडे ग्रंथपालांची मेल पुन्हा आली. सूची अडली होती. त्यांनी फार अदबीनं विचारलं होतं की मी प्रवासात वगैरे आहे का. सुधारलेलं पॅकेज माझ्याकडे तयार पडलं होतं आणि फक्त मी कोण हे ठरायचं बाकी होतं. येत्या रविवारी दुपारी वीज असणार होती, दुकानही बंद असणार होतं. काय ते एकदाच करून टाकू, असं सासऱ्यांनी ठरवलं.

रविवारी सगळे माडीवर जमले. सासऱ्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी लावली, फाइल मांडीवर. नवरा पलंगावर लवंडला. सासूबाई तांदळाचं सूप घेऊन वर आल्या आणि खिडकीशी बसून निवडू लागल्या. सासूबाई पोलादपूरकडच्या उमरठ गावच्या. महाडात आख्खा जन्म काढला, तरी बोलणं तिकडचंच. एरवी त्या सासऱ्यांच्या कागदपत्रांच्या वाटेला जात नसत. वर उजेड चांगला म्हणून आल्या असतील असं मला वाटलं.

फोन लागला. मी ओळ लिहिली. खिडकीनं चार पर्याय पुढे ठेवले. सासऱ्यांनी ते मोठ्यानं वाचले, मग पुन्हा मनात वाचले.

"दोन," ते म्हणाले. "नवीन नोंदणी. दाब."

माझं बोट दोनवर होतं.

"बाबा, मला नाही बदलायचं."

"का?"

"ते माझं आहे."

"अगं, हेही तुझंच आहे की."

"हे तुम्ही दिलेलं आहे."

नवरा पंख्याकडे बघू लागला. सासरे दुखावले, आणि मला त्यांचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. सुपातले खडे मात्र टिपले जात होते.

"ऱ्हाऊ दे की तिचं," सासूबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. "येवढं तरी ऱ्हाऊ दे."

"तुला काय कळतंय यातलं?"

"यातलं नाय कळत. नावाचं कळतं. माजं पन व्हतं येक."

"हो, होतं ना," सासरे घाईनं म्हणाले.

"काय व्हतं?"

सासऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. एसटी स्टँडवर कुणी कुडपण गावच्या माळावरच्या जमिनीच्या तुकड्याचं नुसतं नाव घेतलं, तरी तो कुणाच्या नावावर होता, त्याच्या बापाचं नाव काय, नंतर कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं, हे ते चहा संपायच्या आत सांगत. सगळ्या तालुक्याची माणसं त्यांना बापजाद्यांसकट पाठ होती. ते आता आपल्या बायकोकडे बघत होते.

"'स'वरून काहीतरी होतं," ते म्हणाले.

"नाय."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाला कुठून माहीत असणार? त्याच्या दाखल्यावर आईचं नवंच नाव होतं. मलाही माहीत नव्हतं. त्या खोलीत ते नाव माहीत असणारं एकच माणूस होतं, आणि ते सांगायला तयार नव्हतं.

"तांदळात तुमीच लिवलंत नवं," सासूबाई म्हणाल्या. "जुनं ईचारलंत का तवा?" त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. त्यांनी तांदूळ पाखडले आणि कोंडा खिडकीबाहेर उडाला.

मी बोट उचललं. एकही आकडा न दाबता नुसतं एंटर दाबलं. जगात काहीच न करता गप्प बसलं की बाईचं नाव बदलतं. त्या खिडकीत गप्प बसलं की ते राहत होतं. मी नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला, काही उमटलं नाही, आणि मग ओळ आली की ठीक आहे, मिळालं.

"झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"झालं."

"पोच?"

"हीच पोच."

त्यांनी ती ओळ वाचली, फाइल बांधली आणि रिकामे कप उचलून खाली गेले. संमतीपत्राचं पुढं कधी नाव काढलं नाही. काही दिवसांनी त्याच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिलेली मला दिसली. चहा रोज येत राहिला. ग्रंथपालांनी आभाराची मेल पाठवली, ती मी उगाचच छापून घेतली.

त्यानंतर एका दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. सासूबाई कोलीम, ती बारीक सुकी मासळी, निवडत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी एकदाच आणि हळू आवाजात, घरात दुसरं कुणी नसतानाही दाराकडे बघून, मला ते नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "कुनाला सांगू नको गो."

"का, आई? चांगलं आहे की."

"आता कोन हाक मारनार हाय त्या नावानं? ज्यांनी मारायची ती समदी गेली."

मी माडीवर गेले आणि माझा पासवर्ड बदलला. त्यांचं नाव, पुढं थोडे आकडे, कारण भांडाराला नुसतं नाव पुरत नाही. ते काय, हे मी इथेही लिहिणार नाही. त्यांना शब्द दिलाय.

पुढच्या वेळी पॅकेज चढवायचं होतं तेव्हा मी त्यांना वर बोलावलं. गुडघे धरत जिना चढून आल्या. मी सांगितलं, की आता बघा, वरच्या ओळीत माझं नाव लिहिते, आणि खालच्या ओळीत तुमचं.

"लिव."

मी लिहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. मग माझ्या बोटांकडे बघू लागल्या.

"दिसत नाय ता."

"दिसत नाही. पण त्यांना पोचतं."

ओळ आली.

"उगडलं?"

"उघडलं."

"माज्या नावानं?"

"तुमच्या नावानं."

त्या पलंगावर टेकल्या. पदर नीट केला, चष्मा पुसून पुन्हा लावला.

"परत येकदा लिव बगू," त्या म्हणाल्या.